महाविद्यालयीन विद्यार्थी आणि शाश्वत जीवनशैली (मराठवाडा)

महाविद्यालयीन विद्यार्थी आणि शाश्वत जीवनशैली या विषयात पाणी, ऊर्जा, अन्न, कचरा व जैवविविधता यांच्या जपणुकीसाठी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी घरी, वसतिगृहात, महाविद्यालयाच्या आवारात आणि गावात केलेल्या अभ्यासाचा व कृतीचा समावेश होतो. महाराष्ट्रात हे काम मुख्यतः राष्ट्रीय सेवा योजना, पर्यावरण अभ्यास हा अनिवार्य विषय आणि क्षेत्रीय प्रकल्प यांच्या माध्यमातून चालते. मराठवाड्यात त्याचा केंद्रबिंदू पाणी हा आहे. वारंवार पडणाऱ्या दुष्काळामुळे येथील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने शाश्वतता हा केवळ पाठ्यपुस्तकातील विषय राहत नाही. पाण्याच्या टंचाईचा परिणाम घरातील शेतीवर, शिक्षणाच्या खर्चावर आणि गावात राहता येईल की नाही यावर होतो. प्रस्तुत लेखात या कार्याची पार्श्वभूमी, पद्धती व मर्यादा यांची माहिती असून छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील देवगाव रंगारी परिसराचा विशेष संदर्भ घेतला आहे.

## संकल्पना

भावी पिढ्यांच्या गरजा भागविण्याच्या क्षमतेला बाधा न आणता वर्तमान पिढीच्या गरजा भागविणारा विकास म्हणजे शाश्वत विकास, ही व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये मांडली. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत गाठावयाची १७ शाश्वत विकास ध्येये स्वीकारली. शुद्ध पाणी, स्वच्छ ऊर्जा, जबाबदार उपभोग व उत्पादन, हवामानविषयक कृती आणि भूतलावरील जीवसृष्टी ही त्यांपैकी काही होत.

‘शाश्वतता’ हा शब्द नवा असला, तरी त्यामागील काटकसर ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणे, राखेने भांडी घासणे, शेणखत वापरणे, पळसाच्या पानांच्या पत्रावळींवर पंगत वाढणे, धान्यासाठी कणगी व भाकरीसाठी दुरडी वापरणे या पद्धतींत टाकाऊ म्हणून उरणारी वस्तू फारच थोडी असे. मात्र जुने ते सर्वच शाश्वत होते असेही नाही. पऱ्हाटी किंवा गोवऱ्या जाळणाऱ्या चुलीचा धूर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या फुप्फुसांत जात असे, आणि दुरून पाणी व सरपण आणण्याचे कष्टही बहुतांशी स्त्रियांच्याच वाट्याला येत. त्यामुळे एखादी पद्धत टिकाऊ आहे का हे ठरविताना निसर्गावरील भाराबरोबरच तिचे कष्ट कोणाच्या अंगावर पडतात, हेही पाहावे लागते.

## पार्श्वभूमी

### दुष्काळ आणि श्रमदान

राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ महात्मा गांधी यांच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी महाराष्ट्रात १९७२चा भीषण दुष्काळ पडला. खडी फोडणे, रस्ते व पाझर तलाव बांधणे अशा कामांवर लाखो लोक राबले. या अनुभवातून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला. १९७३ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरांसाठीही ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ या आशयाचा विषय ठरविण्यात आला होता. पुढील काळात अस्वच्छता व रोगराईचे निर्मूलन, वृक्षारोपण आणि ग्रामीण पुनर्रचना हे विषय आले.

विद्यार्थ्यांच्या श्रमदानाची परंपरा शासकीय योजनेपुरती मर्यादित नव्हती. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत महाराष्ट्राच्या अनेक भागांतील तरुण सहभागी होत आले आहेत. २००० मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानामुळे गावपातळीवरील स्वच्छतेला स्पर्धेचे व लोकसहभागाचे स्वरूप मिळाले. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनने वरूड, कोरेगाव व अंबाजोगाई या तीन तालुक्यांत वॉटर कप स्पर्धा घेतली. पुढील तीन वर्षे तिचा विस्तार होत गेला. या काळात शहरांतील अनेक महाविद्यालयीन तरुण १ मेच्या महाश्रमदानासाठी गावोगावी गेले.

२०१६ हेच वर्ष मराठवाड्यात लातूरच्या पाणीरेल्वेमुळे लक्षात राहिले. त्या एप्रिलमध्ये मिरजहून लातूरला रेल्वेच्या टाक्यांतून पाणी नेण्यात आले. पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर पाणी पोहोचले. दुष्काळ जाहीर झाल्यावर राज्य शासन ज्या सवलती देते, त्यांत बाधित विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काच्या माफीचाही समावेश असतो. पावसाची तूट शिक्षणापर्यंत कशी पोहोचते, हे यावरून दिसते.

### अभ्यासक्रमातील स्थान

एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या निकालात पर्यावरण शिक्षणाचा सर्व स्तरांवरील अभ्यासक्रमांत समावेश करण्याविषयी निर्देश दिले. त्यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयाला २००३ मध्ये पुन्हा आदेश द्यावे लागले. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी पर्यावरण अभ्यासाचा अनिवार्य अभ्यासक्रम तयार केला. त्यासाठीचे पाठ्यपुस्तक पुण्याचे पर्यावरणतज्ज्ञ डॉ. इराच भरूचा यांनी लिहिले. या अभ्यासक्रमातील ५० तासिकांपैकी पाच तासिका क्षेत्रकार्यासाठी असून १०० गुणांपैकी २५ गुण त्यासाठी राखून ठेवले होते. नदी, डोंगर, गवताळ प्रदेश किंवा प्रदूषित ठिकाण यांना प्रत्यक्ष भेट देऊन अहवाल लिहिणे त्यात अपेक्षित होते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात उच्च शिक्षण संस्थांनी गावांचा समूह निवडून तेथील प्रश्नांवर काम करणे अपेक्षित आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्प व समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागले. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या निकषांतही हरित व ऊर्जा लेखापरीक्षणाचा समावेश आहे. राज्य शासनाच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाचा (२ ऑक्टोबर २०२०) आणि केंद्र शासनाच्या पर्यावरणपूरक जीवनशैली मोहिमेचा (२० ऑक्टोबर २०२२) भर दैनंदिन सवयींतील बदलांवर आहे.

## दैनंदिन जीवनातील अभ्यास

घरगुती किंवा वसतिगृहातील अभ्यासाची पहिली पायरी नोंद ही असते. आठवडाभर वापरलेले पाणी, वीज आणि टाकलेला कचरा यांची मोजदाद केल्यावर कोणता बदल उपयुक्त ठरेल, हे ठरविता येते.

पाणी. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. विद्यार्थी आपल्या घरी लागणाऱ्या बादल्या व हंडे मोजून या प्रमाणाशी तुलना करू शकतात. दर सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या नळातून दिवसभरात सुमारे २० लिटर पाणी वाया जाते, म्हणजे एका माणसाच्या वाट्यातील एक तृतीयांशाहून अधिक.

छतावरील पाऊस. एक चौरस मीटर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. त्यामुळे वार्षिक ७०० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात १०० चौरस मीटरच्या छतावर ७०,००० लिटर पाणी पडते. त्यातील ८० टक्के साठविता आले किंवा जमिनीत मुरविता आले, तरी ते ५६,००० लिटर होते. महाविद्यालयाच्या इमारतीचे छत घराच्या छताहून कितीतरी मोठे असल्याने आवारातील विहीर किंवा कूपनलिका यांचे पुनर्भरण हा विद्यार्थी प्रकल्पांचा प्रचलित विषय आहे.

कचरा. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार ओला, सुका व घरगुती घातक कचरा वेगळा ठेवणे बंधनकारक करण्यात आले. खानावळीतील ओल्या कचऱ्यापासून कंपोस्ट किंवा गांडूळखत करणे हा त्यातील सोपा भाग असून वर्गीकरणाची सवय टिकविणे हा अवघड भाग आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेद्वारे प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांसारख्या अनेक वस्तूंवर निर्बंध घातले. एकल वापराच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. एकेकाळी पत्रावळीची जागा घेणाऱ्या थर्माकोलच्या ताटाला पर्याय म्हणून पानांची पत्रावळ पुन्हा चर्चेत आली.

सण-उत्सव. महाराष्ट्रात उत्सवांच्या निमित्ताने झालेल्या प्रबोधनात विद्यार्थ्यांचा लक्षणीय सहभाग राहिला आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘होळी लहान करा, पोळी दान करा’ हा उपक्रम आणि विसर्जित गणेशमूर्ती व निर्माल्य दान करण्याची मोहीम चालविली. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक विसर्जनाच्या दिवशी नदी-तलावांच्या काठी निर्माल्य गोळा करण्याचे काम करतात.

## गावपातळीवरील कार्य

राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करतो. याशिवाय दत्तक गावात सात दिवसांचे निवासी विशेष शिबिर होते. प्रभातफेरी, सकाळचे श्रमदान, दुपारचे बौद्धिक सत्र, सर्वेक्षण आणि रात्रीचा सांस्कृतिक कार्यक्रम असा त्याचा दिनक्रम साधारणतः असतो. शाश्वततेशी संबंधित पुढील कामे या शिबिरांत व अन्य प्रकल्पांत केली जातात.

### पाण्याचा ताळेबंद

गावात पडणारे पाणी आणि गावाला लागणारे पाणी यांचा हिशोब म्हणजे पाण्याचा ताळेबंद होय. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ही पद्धत रूढ केली. तेथे पाऊस व विहिरींची पातळी पाहून ग्रामसभेत पिकांचे नियोजन केले जाते आणि जास्त पाणी लागणाऱ्या पिकांवर व सिंचनासाठीच्या कूपनलिकांवर गावानेच निर्बंध घातले.

उदाहरणादाखल, १,००० हेक्टर क्षेत्राच्या व ५,००० लोकवस्तीच्या गावात ७०० मिलिमीटर पाऊस झाला, तर एकूण ७०० कोटी लिटर पाणी पडते. त्यातील बराच भाग बाष्पीभवनाने, मातीतील ओलाव्याच्या रूपाने व नाल्यांवाटे जातो. दरडोई ५५ लिटर धरल्यास गावाला घरगुती वापरासाठी वर्षभरात सुमारे १० कोटी लिटर पाणी पुरते. उसाला मोकाट पद्धतीने वर्षभरात २,००० मिलिमीटर पाणी दिले, तर एका हेक्टरला दोन कोटी लिटर लागते. म्हणजेच पाच हेक्टर उसाचे पाणी संपूर्ण गावाच्या वर्षभराच्या घरगुती पाण्याइतके होते. नळ बंद ठेवण्याची सवय आवश्यक असली, तरी गावाच्या पाण्याचा मुख्य निर्णय पीकरचनेत दडलेला आहे, हे अशा आकडेमोडीतून स्पष्ट होते.

### बंधारे, चर आणि शोषखड्डे

*वनराई बंधारा* हे विद्यार्थ्यांच्या श्रमदानातील सर्वाधिक परिचित काम आहे. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ या संस्थेवरून त्याला हे नाव पडले. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती किंवा वाळू भरून, त्यांची तोंडे शिवून ती नाल्याच्या प्रवाहाला आडवी, विटांच्या भिंतीप्रमाणे सांधे चुकवून रचली जातात. पावसाळा ओसरल्यानंतर वाहणारे पाणी त्यामुळे अडते, काठच्या विहिरींना पाझर मिळतो आणि जनावरांच्या पाण्याची सोय होते. हा बंधारा तात्पुरता असून साधारणतः एकच हंगाम टिकतो.

उतारावर समपातळीत खोदलेले *सलग समतल चर* पावसाचे पाणी जागीच मुरवितात व मातीची धूप रोखतात. सांडपाणी जमिनीत जिरविणारे *शोषखड्डे* गटारे व डासांचा प्रश्न कमी करतात. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी (ता. हिमायतनगर) हे गाव घरोघरी केलेल्या शोषखड्ड्यांमुळे प्रसिद्ध झाले.

### जैवविविधतेची नोंद

जैविक विविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. परिसंस्थाशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी अशा नोंदींच्या कामात स्थानिक महाविद्यालयांतील शिक्षक व विद्यार्थ्यांच्या सहभागाचा पुरस्कार केला. गावातील वृक्ष, गवते, पक्षी, मासे, देशी वाण आणि औषधी वनस्पती यांची माहिती वृद्ध, गुराखी, शेतकरी स्त्रिया व वैदू यांच्याकडून मिळते. या कामात ज्ञान देणारा ग्रामस्थ असतो आणि विद्यार्थी लेखनिकाच्या भूमिकेत असतो.

## देवगाव रंगारी परिसर

देवगाव रंगारी हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील गाव आहे. ‘रंगारी’ हा शब्द कापड रंगविण्याच्या व्यवसायाचा निदर्शक आहे. गावात आसारामजी भांडवलदार कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय असून जिल्ह्यातील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी (स्थापना २३ ऑगस्ट १९५८) संलग्न असतात. ग्रामीण महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थी आसपासच्या शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतून येतात. त्यामुळे त्यांच्या बाबतीत ‘अभ्यासाचे क्षेत्र’ आणि ‘घर’ ही दोन वेगळी ठिकाणे नसतात. ज्या विहिरीची पातळी मोजावयाची, तिच्यावरच घरचे पीक अवलंबून असते.

हा परिसर गोदावरीची उपनदी असलेल्या शिवना नदीच्या खोऱ्यात येतो. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान ७०० मिलिमीटरच्या आसपास असून बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. येथील जमिनीखाली बेसॉल्ट म्हणजे काळा पाषाण आहे. अखंड बेसॉल्टमध्ये पाणी साठण्यास जागा अल्प असते. ते मुख्यतः झिजलेल्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत साठते. परिणामी पावसाळ्यात भरलेली विहीर उन्हाळ्यापर्यंत तळ गाठू शकते आणि खोल कूपनलिका घेऊनही पाणी लागेलच याची खात्री नसते. पाणी अडविणे व मुरविणे यांबरोबर उपसा मर्यादित ठेवणे येथे आवश्यक ठरते, ते या भूरचनेमुळे.

कन्नड तालुक्यात कापूस, मका व आले ही महत्त्वाची पिके आहेत. यांतून विद्यार्थ्यांच्या अभ्यासाला उपयुक्त असे अनेक विषय निघतात. वेचणी संपल्यावर उरणारी पऱ्हाटी बांधावर जाळणे, सरपण म्हणून वापरणे किंवा तिचा भुगा करून खत करणे यांतील खर्च व लाभ, आल्याच्या पिकातील ठिबक सिंचनाचा पाणीवापर, मक्याच्या धाटांचा चारा आणि रिकाम्या कीटकनाशक बाटल्यांची विल्हेवाट हे त्यांपैकी काही होत. तालुक्याच्या उत्तरेकडील डोंगररांगांत १९८६ मध्ये घोषित झालेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. शुष्क पानझडी वनाच्या व स्थानिक वृक्षांच्या अभ्यासासाठी ते जवळचे क्षेत्र आहे.

## शहरी भागातील प्रश्न

जिल्ह्याच्या मुख्यालयात हाच विषय कचरा व नदी यांच्या रूपाने पुढे आला. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी तेथील कचरा डेपोला विरोध करून कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. शहरात कचऱ्याचे ढीग साचले आणि अन्यत्र कचरा टाकण्याच्या प्रयत्नांनाही विरोध झाला. शहराचा अवर्गीकृत कचरा शेजारच्या गावाने किती काळ सोसावा, हा प्रश्न या घटनेने उपस्थित केला. खेड्यातून शिकण्यासाठी शहरात आलेल्या विद्यार्थ्याला या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसू शकतात. शहरातून वाहणाऱ्या खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम महापालिकेने छावणी परिषद, इकोसत्व व व्हेरॉक यांच्या सहकार्याने हाती घेतले. नागरिकांच्या सहभागातील स्वच्छता मोहिमा हा त्याचा एक भाग आहे.

## मर्यादा आणि टीका

वेळापत्रकातील विसंगती. विद्यार्थ्यांच्या कार्यातील मोठी अडचण शैक्षणिक वर्ष आणि निसर्गाचे वर्ष यांच्या न जुळण्यातून उद्भवते. वनराई बंधारा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, नाला वाहता असताना घालावा लागतो. विशेष शिबिरे मात्र बऱ्याचदा डिसेंबर-जानेवारीत होतात, आणि तोवर मराठवाड्यातील अनेक नाले आटलेले असतात. रोपे जुलैमध्ये लावली जातात, पण त्यांना पाण्याची सर्वाधिक गरज मार्च ते मे या काळात असते. त्या वेळी परीक्षा किंवा उन्हाळी सुट्टी चालू असते. विहिरींच्या पातळीची नोंद पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी दोनदा, सलग काही वर्षे घेतली तरच उपयोगी ठरते. पदवीचा विद्यार्थी तीन-चार वर्षांत महाविद्यालय सोडून जातो.

संख्येवर भर. महाराष्ट्रातील शासकीय वृक्षलागवड मोहिमांत २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत अनुक्रमे ४ कोटी, १३ कोटी व ३३ कोटी वृक्षांचे लक्ष्य होते आणि त्यांत शाळा-महाविद्यालयांचाही सहभाग होता. लावलेल्या रोपांपैकी किती जगली, हा प्रश्न पुढे विधिमंडळातही उपस्थित झाला. लागवडीच्या आकड्याऐवजी तीन वर्षांनी जगलेल्या झाडांची संख्या हा अधिक विश्वसनीय निकष मानला जातो.

गुण व प्रमाणपत्रे. श्रेयांक, प्रोत्साहनपर गुण आणि मूल्यांकनाचे निकष यांमुळे सहभाग वाढतो. त्याच वेळी छायाचित्र व अहवाल हेच कामाचे अंतिम फलित ठरण्याचा धोकाही निर्माण होतो.

जबाबदारीची वाटणी. वैयक्तिक सवयींवर दिलेल्या भरामुळे पीकधोरण, पाणीवाटप, उद्योगांचे सांडपाणी व वेष्टनांचा कचरा यांबाबतची शासन व उत्पादकांची जबाबदारी झाकोळली जाते, असा आक्षेप घेतला जातो. पाच हेक्टर उसाचे वरील उदाहरण याच मुद्द्याकडे निर्देश करते.

या मर्यादांवर काही उपाय अवलंबिता येतात. एकाच गावाशी अनेक वर्षे संबंध ठेवणे, बंधाऱ्याचे काम शिबिराची वाट न पाहता नियमित १२० तासांतून ऑक्टोबरमध्ये करणे, उन्हाळ्यातील रोपांची जबाबदारी त्याच गावातील विद्यार्थ्यांकडे देणे, आधीच्या तुकडीच्या नोंदवह्या पुढच्या तुकडीकडे सोपविणे आणि सर्वेक्षणाचे निष्कर्ष ग्रामसभेत मांडणे हे त्यांपैकी प्रमुख होत. अहवाल महाविद्यालयाच्या कपाटात राहिला, तर तो गुणांपुरता उपयोगी ठरतो. ग्रामसभेत वाचला गेल्यास पुढील हंगामातील पिकाचा आणि पाण्याचा निर्णय घेताना गावाला त्याचा आधार घेता येतो.

## हेही पहा

* राष्ट्रीय सेवा योजना
* शाश्वत विकास ध्येये
* रोजगार हमी योजना
* हिवरे बाजार
* लोकजैवविविधता नोंदवही
* गौताळा औट्रमघाट अभयारण्य
* कन्नड तालुका